हिकरीची चढण

ओर्फाने कोपऱ्यातला झाडू उलटा धरला आणि त्यातल्या ताठ काड्या निवडून उपटायला सुरुवात केली.

“ताई, टक्कल पडेल त्या झाडूला,” डिलर्ड म्हणाला. तो चुलीजवळच्या खुर्चीत बसून फिडलच्या खुंट्या पिळत होता. व्हायोलिनला त्या डोंगरात फिडल याखेरीज दुसरं नाव नव्हतं.

“पडू दे. तुझ्या डोक्यावर आहेत त्याहून जास्तच उरतील.”

डिलर्ड हसला. हसता हसता त्याला खोकला आला आणि तो लवकर थांबेना. ओर्फा पाठमोरी उभी राहून काड्या बोटांनी पुसत राहिली. खोकताना आपल्याकडे कुणी पाहिलेलं त्याला आवडत नाही, हे दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं होतं.

उद्या थडगी सजवण्याचा रविवार होता. मे महिना सरता सरता सगळी माणसं हिकरीच्या झाडांच्या टेकडीवर जात, थडग्यांवरचं गवत काढत, माती नव्याने ओढून घेत, फुलं वाहत आणि मग झाडांखाली पंगत बसे. ओर्फाने कागदाची फुलं करून मेणात बुडवून ठेवली होती. वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक कालच करून झाकून ठेवला होता. दरवर्षी ती हे सगळं एकटीच करी. डिलर्ड तरुणपणीच ओहायोला टायरच्या कारखान्यात गेला आणि तिथलाच झाला. दिवसा रबराची काजळी आणि रात्री बँडमध्ये फिडल, असं त्याचं आयुष्य गेलं. तिचं गेलं शाळेच्या स्वयंपाकघरात, लोकांच्या पोरांना जेवू घालण्यात, आणि घरी आल्यावर बाबांचं करण्यात. लग्नाचं कुणी विचारलं नव्हतं असं नाही. पण ती गोष्ट मागे पडत पडत राहूनच गेली.

या वर्षी दुकानातल्या फोनवरून तिने भावाला एवढंच सांगितलं होतं, “येणार असशील तर फिडल घेऊन ये.” डॉक्टरने त्याला काय सांगितलंय, ते त्याच्या बायकोकडून तिला कळलं होतं. पुढच्या वर्षी तो ती टेकडी चढू शकणार नव्हता.

“कुठली वाजवू?” डिलर्डने विचारलं.

“तुला माहीत आहे कुठली.”

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. लहानपणी ती बाबांच्या समोर अशीच उभी राही. फिडल वाजवणाऱ्याची बोटं तारांच्या एका टोकाला आणि गज दुसऱ्या टोकाला; मधल्या मोकळ्या तारांवर दुसऱ्या माणसाने दोन काड्यांनी ताल धरायचा. गाण्याला पावलं येतात त्याने. मुलींनी गज धरू नये, असा नियम कुणी केला नव्हता. पण ओर्फाच्या हातात कायम काड्याच आल्या. डिलर्डच्या हातात गज आला.

त्याने गज टेकवला. फिडलच्या पोटात बाबांनी टाकलेली, खुळखुळ्या सापाच्या शेपटीची वाळकी खुळखुळी अजून होती. गजाच्या पहिल्याच झटक्याला ती करकरली. धून निघाली, चढू लागली. ओर्फाच्या काड्या तिच्या मागोमाग. आणि मग दुसऱ्या भागात, वरच्या सुरावरून खाली यायच्या जागी तिच्या काड्या जुन्या सवयीने दोनदा वाजल्या, पण गज केव्हाच पुढे निघून गेला होता. काड्या त्याच्यावर आपटल्या.

“चुकलीस,” डिलर्ड म्हणाला.

“मी नाही चुकले. तू दोन मात्रा खाल्ल्यास.”

“अगं, त्या मात्रा धुनेच्या नाहीतच मुळी. बाबांचा हात अडखळायचा तिथे. लोकांना त्याची सवय झाली, इतकंच.”

“अडखळायचा?”

“मग काय? ओहायोत पहिल्यांदा वाजवली तेव्हा आमचा गिटारवाला म्हणाला, तुझा बाप काय वाटेत पाणी प्यायला थांबायचा का रे? सगळे हसले. मीही हसलो. मग सरळ केली मी ती. सरळ केली म्हणून तर रेकॉर्ड निघाली, रेडिओवर लागली.” तो जरा खुशीत आला. “आता कुठे कुठे वाजते, सांगू? व्हर्जिनियात मला एकजण भेटला. तो तिला ‘लंगडी शेळी’ म्हणत होता. मलाच विचारतो कसा, तुमची ‘हिकरीची चढण’ तुम्ही आमच्या शेळीवरून उचललीत का हो?”

ओर्फा हसली नाही. तिने काड्या एप्रनच्या खिशात घातल्या आणि चुलीकडे वळली.

“घेवडा लागेल खाली,” ती म्हणाली.

“ताई, रागावलीस का?”

“नाही.”

रेडिओवर ती धून पहिल्यांदा लागली तेव्हा ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. हात कोपरापर्यंत पिठात. बरोबरच्या बायका ओरडल्या, अगं ओर्फी, तुझा भाऊ! दोघीजणी डाव घेऊन तिथल्या तिथे नाचू लागल्या. ओर्फा ती जागा यायची वाट पाहत होती. ती जागा आलीच नाही. धून दर फेरीला तिथून धावत निघून गेली. बायकांना वाटलं, आनंदाने हिला बोलवत नाही.

तिने कधी डिलर्डला काही विचारलं नव्हतं. त्याला ठाऊक असूनही त्याने तसं केलं, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. आज चुलीसमोर उभं असताना तिला पहिल्यांदा कळलं, की त्याला काहीच ठाऊक नाही. कसं असणार? त्या घरात त्या दिवसाबद्दल कधी कुणी बोललंच नव्हतं.

रविवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं. शेजारचे लोक टोपल्या घेऊन पुढे गेले. ओर्फाने केक आणि फुलं त्यांच्याबरोबर पाठवली आणि फिडलची पेटी स्वतः उचलली.

“दे इकडे,” डिलर्ड म्हणाला.

“तू स्वतःला उचल. तेवढं पुरे आहे.”

वाट अरुंद आणि उभी होती. डिलर्ड थोडं चालायचा, झाडाला हात लावून उभा राहायचा, वरच्या पानांकडे पाहतोय असं दाखवायचा. अर्ध्या चढावर एक सपाट, शेवाळलेला दगड होता. तिथे पोचल्यावर त्याने पानांचं निमित्त सोडून दिलं आणि मटकन बसला. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

ओर्फा त्याच्या शेजारी बसली. पेटी तिने मांडीवरच ठेवली.

“इथेच,” ती म्हणाली.

“काय इथेच?”

“बाबा इथेच थांबले होते. झेटीला नेताना.”

डिलर्डने वळून पाहिलं. झेटी त्यांची धाकटी बहीण. घशाच्या साथीत गेली तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. डिलर्डला तिचं नाव माहीत होतं, थडगं माहीत होतं. चेहरा आठवत नव्हता.

“तुला खाली शेजारच्या एस्टेपांच्या घरी ठेवलं होतं,” ओर्फा म्हणाली. “साथीला भिऊन माणसं फारशी आलीच नाहीत. दोघेजण आले होते, पण बाबांनी त्यांना झेटीच्या पेटीला हात लावू दिला नाही. एवढीशी तर होती पेटी. स्वयंपाकघराची फळी काढून बाबांनीच केलेली. ती खांद्यावर घेऊन ते एकटे निघाले. आई घरीच पडून होती. मी मागे चालत होते. बर्फ होतं, आणि बाबांचे बूट नुसते सरकत होते.”

तिने दगडावर तळहात टेकवला.

“मला वाटलं, दमले की खाली ठेवतील. या दगडावर ठेवतील. पण त्यांनी टेकवली नाही रे. नुसते उभे राहिले. या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुन्हा चालू लागले. वर जाईपर्यंत असंच. थोडं चालायचं, थांबायचं, खांदा बदलायचा. जमिनीला लागू दिली नाही त्यांनी ती. वर पोचेपर्यंत.”

“ताई…”

“वसंतात ते ही धून वाजवायला लागले. मी समोर काड्या घेऊन. त्या जागी आले की गज उचलायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी दोनदा वाजवायचे. मग पुढे जायचे. तोंडाने कधी काही बोलले नाहीत. मला कळलं होतं, एवढं त्यांना कळलं होतं.”

“पण लोक तर नाचायचे तिच्यावर!” डिलर्ड जवळजवळ ओरडलाच. “काकवीच्या कढईभोवती… त्या जागी सगळे पाय आपटायचे, आरोळ्या ठोकायचे. मीसुद्धा आपटायचो.”

“कुणीतरी विचारलं, हॅम्प, ही कुठली रे? बाबा म्हणाले, हिकरीची चढण. लोकांना वाटलं, गाय हाकत चढतोय. नाचायला लागले. आता नाचणाऱ्या माणसाला काय सांगणार?” ओर्फाने पेटीवरचं पान झटकलं. “मी म्हणते, नाचू देत. शेळी म्हणू देत. पण थांबत तरी होते ना सगळे तिथे. तुझ्या रेकॉर्डवर बाबा कुठे थांबतच नाहीत, डिलर्ड. तिला घेऊन पळत सुटलेत नुसते.”

वरून बायकांचे आवाज येत होते. कुणीतरी पंगतीसाठी चादरी झटकत होतं. डिलर्ड दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली पाहत बसला होता. तो म्हणाला, “मला सांगायचंस तरी.”

“मला वाटलं, तुला माहीत आहे.”

तो उठला. तिने पेटी उचलली.

दफनभूमीच्या फाटकाशी ब्रदर एस्टेप उभे होते, काळ्या कोटात, हातात हॅट. उपदेशाचं काम गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे होतं. पेटी पाहून त्यांचा चेहरा ओढला गेला.

“ओर्फाबाई, ते सैतानाचं खोकं कुंपणाच्या आत नको. बाहेर माझी ना नाही.”

“आम्ही बाहेरच उभे राहू, ब्रदर. झेटी कुंपणालगतच तर आहे. तुम्ही तिकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे ऐकू आलं तरी तुम्हाला दोष नाही.”

“कान मागेही असतात, बाई.”

“मग देवानेच दिलेत ते. त्याच्याकडे तक्रार करा.”

ब्रदर एस्टेप काहीतरी पुटपुटले, हॅट डोक्यावर घातली आणि खरोखरच पाठ फिरवून उभे राहिले.

झेटीच्या डोक्याशी एक साधा दगड होता, त्यावर नाव नव्हतं. ओर्फाने मेणाची फुलं मातीत रोवली आणि बाहेर आली. डिलर्डने फिडल छातीशी टेकवलं. पूर्वी तो हनुवटीखाली धरत असे. ओर्फाने खिशातून काड्या काढल्या.

त्याने सुरुवात केली. पहिल्या काही सुरांतच मागून एक बाई म्हणाली, “अगं बाई, ही तर रेडिओवरची!” लोक जवळ सरकले. पाय हलू लागले. धून चढत गेली, दुसऱ्या भागात आली, आणि डिलर्डचा हात इतक्या वर्षांच्या सवयीने त्या जागेवरून सरळ निघून गेला. ओर्फाच्या काड्या मागे राहिल्या.

डिलर्ड थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“बाबा, हात ऐकत नाही,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ते ओर्फाने विचारलं नाही.

“माझ्याकडे बघ,” ती म्हणाली. “हाताकडे नको बघूस. माझ्याकडे बघ.”

त्याने पुन्हा सुरुवात केली, या वेळी संथ. नाचायच्या गतीने नाही, चालायच्या गतीने. त्याचे डोळे बहिणीच्या चेहऱ्यावर होते. धून वर गेली, वळली, ती जागा आली. त्याने गज उचलला.

सगळ्यांचे पाय सवयीने खाली आले आणि नुसत्या जमिनीवर पडले. सूर नव्हता. फक्त तारांवर काड्या वाजल्या. दोनदा.

मग गज खाली आला आणि धून पुढे निघाली.

पुढच्या फेरीला पाय हलत नव्हते. लोकांना काय कळलं, कुणास ठाऊक. बहुधा काहीच नाही. पण माणसं उभी राहिली खरी. ब्रदर एस्टेपांची पाठ तशीच वळलेली होती. डोक्यावरची हॅट मात्र पुन्हा त्यांच्या हातात आली होती.

डिलर्डला तीन फेऱ्याही झेपल्या नाहीत, दम गेला. शेवटचा सूर त्याने अर्ध्यावर सोडला. ओर्फाने फिडल त्याच्या हातातून घेतलं, पेटीत ठेवलं, काड्याही आत टाकल्या.

पंगत झाली. घेवडा, मक्याची भाकर, केक. कुणीतरी डिलर्डला म्हणालं, “रेकॉर्डवर जास्त रंगते रे तुझी.” तो म्हणाला, “हो, तिथे गिटार असते ना.” आणि ताटातला केक संपवला.

उन्हं कलल्यावर दोघं उतरू लागली. उतार होता, तरी डिलर्डला थांबत थांबतच यावं लागत होतं. ओर्फाने पेटी खांद्यावर घेतली होती. सपाट दगडापाशी तो पुन्हा टेकला.

“खाली ठेव ना ती,” तो म्हणाला. “तूही बस जरा.”

ओर्फा उभीच राहिली. तिने पेटी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली, आणि त्याचा श्वास परत येण्याची वाट पाहू लागली.