लाली गेल्यावर

निवृत्त झाल्यावर नवऱ्याने मागच्या अंगणात हौसेची लोहारकी मांडली, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. रुळाच्या तुकड्याची ऐरण झाली आणि तिच्या केस वाळवायच्या मशीनचा भाता. पहिल्याच आठवड्यात तिने पायरीवर पडलेली काळी सळई उचलली आणि हात पोळून घेतला. वर नवऱ्याचं शहाणपण ऐकावं लागलं, "अगं, लाली गेली म्हणजे लोखंड निवलं असं नसतं!" तेव्हापासून ती तिथल्या कुठल्याही लोखंडाला हात लावण्याआधी पाण्याचे दोन थेंब शिंपडायची. चर्र झालं नाही, तरच उचलायची.

मग एकदा झाडलोट करताना तिने एक गंजका लोखंडी पाटा भंगारवाल्याला देऊन टाकला. तो निघाला ट्रकखालच्या स्प्रिंगच्या कमानीचा, नवऱ्याने सुरी घडवायला जपून ठेवलेला. नवरा लालबुंद झाला, त्याने घर डोक्यावर घेतलं आणि मग तोंडाला कुलूप लावून बसला.

संध्याकाळी तो जेवायला आला. चेहरा अगदी शांत होता.

"अजून राग आहे का?" तिने विचारलं.

"छे! केव्हाच गेला."

तिने पेल्यात बोटं बुडवली, त्याच्या टकलावर दोन थेंब शिंपडले आणि कान लावला.