प्लासिडचा नवस

प्लासिडला काय झालंय, हे प्लासिड सोडून सगळ्या होळी गावाला माहीत होतं.

खरं तर त्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं. साठीला टेकलेला माणूस, पण केळीचा घड खांद्यावर टाकून वाडीतून रस्त्यापर्यंत असा तरातरा यायचा की बघणाऱ्याला धाप लागावी. त्याच्या डोक्याला ताप एकच, त्याची बायको. आग्नेस शाळेतून निवृत्त झाली, वर्षभर शहाण्यासारखी घरी बसली आणि एके दिवशी जेवताना म्हणाली, "मी डिसेंबरात मॅरेथॉन धावणार. अर्धी."

"अर्धी कशाला? अर्धवट काम तू कधी केलंयस?" प्लासिड म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, गंमत करतेय.

गंमत कसली! प्लासिडच्या बहिणीची, पॉलिनची मुलगी ॲनिशा लहानपणापासून व्हीलचेअरवर. तुळिंजच्या पलीकडे अशा मुलांचं एक केंद्र आहे. तिथे ती मेणबत्त्या करायची, मैत्रिणींशी भांडायची आणि संध्याकाळी मामाला सगळं मीठमसाला लावून सांगायची. मग केंद्राची जुनी गाडी कायमची बसली आणि ॲनिशाही घरी बसली. खुर्ची रिक्षात मावेना, पोरगी पॉलिनला उचलवेना. नवी गाडी घ्यायची तर पालकांनाही वाटा उचलायचा होता, आणि तो पॉलिनच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून आग्नेस धावणार आणि त्या निमित्तानं लोकांकडून देणग्या गोळा करणार. मुंबईत म्हणे असंच करतात.

"तू धावतेस म्हणून लोक पैसे का देतील? त्यांना काय खूळ लागलंय?" प्लासिड कुरकुरला. "मी घड विकून देतो."

"दे. त्यात गाडीचं एक चाक येईल," आग्नेस म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली.

पण लोक देत होते, अगदी हात सैल सोडून. आग्नेसनं आधी मोबाइलवर सगळ्यांना इंग्रजीत लांबलचक निरोप पाठवला होता, तो कुणी उघडलाही नव्हता. मग ती घरोघर गेली. ती तोंड उघडायच्या आतच घरची बाई तिचा हात धरायची, "कळलं गं, कळलं. बोलू नकोस," असं म्हणून डोळे पुसत आतून पैसे आणायची. आग्नेसला वाटायचं, ॲनिशावर किती जीव आहे गावाचा.

प्लासिडचेही लाड चालले होते. शेजारचा जॅक्सन म्हणजे गावच्या सणाचा खजिनदार, हिशेबाला असा पक्का की स्वतःच्या सावलीकडूनही पावती घेईल. तो शहाळी घेऊन आला. "पी रे. अंगात ताकद पाहिजे," म्हणाला आणि खाली मान घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी प्लासिडच्या खांद्यावरचा घड काढून घेतला. प्लासिडला वाटलं, म्हातारपणी का होईना, गावाला आपली किंमत कळली.

रविवारी चर्चमध्ये मिस्सात आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू झाली. "आपला बंधू प्लासिड याला या कठीण दुखण्यातून उतार पडावा म्हणून..." प्लासिडनं मागे वळून पाहिलं, कोण बरं हा दुसरा प्लासिड? मागचा सगळा बाक त्याच्याकडे बघून डोळे पुसत होता.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला, गावानं काय धरून ठेवलंय ते. ह्या वयाची बाई रोज पहाटे ओठ पुटपुटत किल्ल्यापर्यंत धावते, तेही अनवाणी नाही एवढंच. हौसेनं कोण धावतं? नवसच असणार. बायकोनं एवढा कडक नवस केला म्हणजे नवऱ्याचं काही खरं नाही. आणि नवसाची बाई दारी आली की हातावर पैसे ठेवायचे, पण नवस कशाचा, हे गावात कुणी विचारत नाही. बोलून दाखवला की तो फळत नाही म्हणे. म्हणून तर आग्नेसला कुणी बोलू दिलं नव्हतं. पुटपुटत होती ती बापडी श्वास मोजत.

मिस्सा संपल्यावर आग्नेसनं चर्चच्या आवारातच सगळ्यांना थांबवलं आणि खरं ते सांगितलं. "माझी चूक झाली. मी नीट सांगायला हवं होतं. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी घ्या."

मग जॅक्सननं घसा खाकरला. "परत कसे घेणार? आम्ही नवसाला दिलेत. नवसाचे पैसे घरी नेत नाहीत आणि दुसऱ्या कामालाही लावत नाहीत. नवस नव्हताच, तर ते चर्चच्या पेटीत जातात." माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हणजे नियम. बायांनी माना डोलावल्या. फादरांनी, तुमचं तुम्हीच ठरवा, असे हात केले.

बदामाच्या झाडाखाली पॉलिन ॲनिशाची खुर्ची धरून उभी होती. तिनं खुर्ची घराकडे वळवली. ते बघून प्लासिड गर्दीतून पुढे झाला.

"थांब, पॉलिन," तो म्हणाला. "जॅक्सन, नवस नव्हता म्हणूनच अडलंय ना? मग आता आहे. सगळ्यांसमोर बोलतो, फळायचा तर फळेल. माझी भाची पुन्हा केंद्रात जाऊ दे, मी आग्नेसबरोबर शेवटपर्यंत धावेन. मेलो तरी."

जॅक्सननं विचार केला. नवसच पोरीला केंद्रात पाठवायचा, म्हणजे पैसे गाडीला लागले तरी नियमात बसत होतं. "मग ठीक," तो म्हणाला आणि खिशातून आणखी एक नोट काढून आग्नेसच्या हातात ठेवली. बाकीच्यांनीही आपले पैसे गाडीलाच राहू दे म्हणून सांगितलं.

घरी जाताना आग्नेसनं त्याचा हात धरला. मग म्हणाली, "फादरांनी तुझं नाव घेतलं ना, तेव्हा माझे पाय गेले. खोटं आहे ते ठाऊक होतं, तरी गेले. तुझ्याशिवाय मला राहता यायचं नाही रे."

एवढ्या वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. "म्हणून तर धावायला लावतेस," तो कसाबसा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो धावला. म्हणजे आग्नेस धावली आणि हा मागून फुसफुसत आला. वाडीची कामं वेगळी आणि हे वेगळं, हे त्याला पहिल्याच वळणावर कळलं. पॉलिनच्या दाराशी पोचेपर्यंत त्याच्या छातीचा भाता झाला होता. ॲनिशा खिडकीत होती. मामाला बघून आधी ती पोटभर हसली. मग त्याची दशा नीट दिसली तशी गंभीर झाली.

"मामा, हळू धाव," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "मला घाई नाही."

आठ महिने खिडकीशी बसलेली पोर म्हणत होती, घाई नाही. प्लासिडला तिथेच तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण थांबला असता तर रडला असता, म्हणून त्यानं नुसता हात वर केला आणि आग्नेसला गाठायला पाय उचलले.