जावईबापूंनी ओळखलेला आवाज

आमच्या घरात देव चुकू शकतो, जावई चुकू शकत नाही. त्यातून अधिक मास असला तर विचारूच नका. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, आणि नारायणाला "तुमचं चुकलं" म्हणणारा माणूस आमच्या खानदानात अजून जन्माला यायचा होता.

यंदा अधिक ऐन उन्हाळ्यात आला. अधिकात लग्नं नसतात, त्यामुळे आमच्या लॉनला सुट्टी. लॉन म्हणजे अमरावतीत ज्याला लॉन म्हणतात ते. लग्नाचं मैदान, मोठं स्टेज, वधूवरांच्या दोन एसी खोल्या, आणि स्टेजसमोर बोअरच्या पाण्यावर कसाबसा जगवलेला हिरवळीचा तुकडा. बाकी सगळीकडे हिरवी चटई. नाव 'मनकर्णा लॉन'. मनकर्णा म्हणजे माझी आई. पाटीवर नाव टाकताना तरी तिला विचारलं होतं की नाही, देव जाणे.

शेताच्या रस्त्याकडच्या तुकड्यावर लॉन उभारलं बाबांनी, रामरावांनी, आणि पाच वर्षांपासून ते चालवते मी, आरती. जनरेटर बंद पडला की मी, वरपक्षाचा मामा रुसला की मी. पण "पोरीचं काय, उद्या लगन होऊन जाईन," असं बाबा पहिल्या दिवसापासून म्हणतात. तो उद्या अजून उजाडलेला नाही. तेवढ्यात प्राजक्ताताईच्या नवऱ्याला, अकोल्याच्या पियुष भाऊजींना, नोकरीचा कंटाळा आला. भाऊजी मेकॅनिकल इंजिनियर आहेत. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून विमा विकतात. त्यांनी बाबांना फोनवर सांगितलं की लॉनला 'प्रोफेशनल मॅनेजमेंट'ची गरज आहे. बाबांना ते दोन शब्द इतके आवडले की ते दूधवाल्यालाही ऐकवून झाले.

मग ठरलं. रविवारी धोंड्याचं जेवण, आणि जेवण झालं की लॉनच्या किल्ल्या जावईबापूंच्या हातात. हे मला आईकडून कळलं, पुरण वाटता वाटता. बाबांनी मला सांगितलंच नाही. सांगायचं काय त्यात? मी तर घरचीच.

रविवारी सकाळी राग काढायला मी गवत कापायचं मशीन बाहेर काढलं. पेट्रोलवर चालणारं, दोरी ओढून सुरू करायचं मशीन. दोन दिवसांपासून ते विचित्र आवाज काढत होतं. टण टण टण, मध्येच खर्र, आणि दांडा असा थरथरायचा की धरणाऱ्याचे दात वाजावेत. डेकोरेशनवाले एक लोखंडी खुंटी गवतात विसरून गेले होते. ती परवा पात्यावर बसली, तेव्हापासूनचा हा आवाज. मी एकदा चालू करून ऐकलं, बंद केलं, आणि पाना घेऊन मशीन आडवं करणार, तोच भाऊजींची गाडी फाटकातून आत आली.

"थांब, थांब!" गाडीतून उतरता उतरता भाऊजी म्हणाले. "काय आवाज आहे हा! हे माझं फील्ड आहे."

"दे वं त्याईले पाना," बाबा म्हणाले. "इंजिनियर हायेत ते."

दिला.

आधी पाय धुणं झालं. आई-बाबांनी परातीत जावई-लेकीचे पाय धुतले, कुंकू लावलं, पाया पडले. मग नारायण निंबाच्या सावलीत खुर्ची टाकून मशीनसमोर बसले. भाऊजींनी मोबाइल इंजिनजवळ धरला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "कार्ब्युरेटर." कार्ब्युरेटर खोलून पुसला. आवाज जसाच्या तसा. "मग टॅपेट." त्याच्याशीही बराच वेळ खटपट झाली. आवाज होता तिथेच. शेवटी त्यांनी घाम पुसला आणि गंभीर चेहरा केला. "पिस्टन गेलाय, मामाजी. इंजिन संपलं. नवीन मशीन घ्यावं लागेल."

"मी तं तवाच म्हणून राहिली होती, पिस्टनच असन," आई म्हणाली. पिस्टन खायचा असतो की नेसायचा, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"भाऊजी, एकदा खाली पात्याकडं..." मी तोंड उघडलं. आईचं कोपर बरगडीत बसलं.

"जावायाच्या तोंडी लागतं काय वं? तेबी धोंड्यात?"

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांनी सारी उमर विहिरीवरच्या डिझेल इंजिनसोबत काढली. अंगणात जेवता जेवता ते सांगायचे की शेतातला पट्टा घसरतोय, आणि तो घसरतच असायचा. त्या दिवशीही त्यांना राहवलं नाही. त्यांनी लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घेतला, एक टोक चालू मशीनवर टेकवलं, दुसरं कानापाशी. आधी वर, सिलिंडरजवळ. मग हळूहळू खाली. खाली आल्यावर पेचकस थांबला आणि बाबांच्या भुवया आक्रसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मला इतका आनंद झाला की सकाळपासूनचा राग मी विसरले.

"काय मामाजी, पिस्टनच ना?" भाऊजींनी विचारलं.

बाबांनी पेचकस धोतराला पुसला. "तुमी म्हणता तं पिस्टनच."

भाऊजी चुकले त्याचं मला काही वाटलं नाही. विमेवाल्याने पिस्टन ओळखावा अशी अपेक्षाच कुणाची होती? पण बाबांच्या त्या एका वाक्याने मला रडू आलं. मी ते आत स्वयंपाकघरात जाऊन, कांद्याच्या टोपलीजवळ उभी राहून उरकलं.

जेवण झालं. पुरणाचे धोंडे झाले, तेहतीस अनारशांचं ताट झालं, ताटात दिवा, दिव्याशेजारी किल्ल्यांचा जुडगा. बाबा ताट उचलणार, इतक्यात भाऊजींना स्फूर्ती आली. "किल्ल्या नंतर घेतो, मामाजी. आधी तुम्हाला इंजिन फुल रेसवर चालवून दाखवतो. म्हणजे जुनं मशीन का टाकायचं, ते सगळ्यांना पटेल."

सगळे गवतावर आलो. भाऊजी अनवाणी, पायांवर सकाळचं कुंकू. ताई मोबाइलवर व्हिडिओ काढू लागली. भाऊजींनी दोरी ओढली, रेस वाढवली. टण टण आता ठण ठण झालं. ते पातं कशाच्या भरवशावर फिरतंय ते मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं.

"जावईबापू," बाबा म्हणाले. "जरा..."

"काय म्हणता, मामाजी?"

"काही नाही. सांभाळून."

भाऊजींनी आणखी रेस दिली. मग मला आईचं कोपर आठवलं नाही की अधिक मास आठवला नाही. मी धावले आणि इंजिनच्या प्लगची वायर ओढून काढली. खांद्यापर्यंत झटका बसला. मशीन गचके खात थांबलं.

"पातं ढिलं हाय!" मी ओरडले. "उडालं असतं तं पाय कापून गेला असता तुमचा! खड्ड्यात गेला तो पिस्टन!"

मशीन आडवं केलं. पात्याचा बोल्ट मी दोन बोटांनी फिरवून काढला. पाना लागलाच नाही.

मग आई म्हणाली, "जावायाले बोलली वं तू!" ताई रडू लागली. वाचलेल्या पायासाठी की गेलेल्या मानासाठी, ते कळायला मार्ग नव्हता. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि म्हणाले, "व्हायब्रेशनमुळे कधी कधी पिस्टनसारखाच आवाज येतो." मग ते कूलरसमोर जाऊन आडवे झाले.

मशीनजवळ मी आणि बाबा उरलो. बाबांनी ताटातल्या किल्ल्या आणल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

"ठेव तुह्याजवळच."

"काहून? मले मशीन समजते म्हणून?"

"नाही." बाबा गवतावर बसले. "जावायाले काही बोलता येत नाही, पोरी. ज्याले आपण दोन शिव्या देऊ शकत नाही, त्याच्या हातात धंदा कसा द्याव? पाणी सांडलं, 'हो जावईबापू.' बुकिंग गेलं, 'हो जावईबापू.' डुबलोच ना मग आपण."

म्हणजे पाच वर्षं मी काय केलं, ते राहिलं बाजूला. बाबा मला शिव्या देऊ शकतात, ही माझी एकुलती एक पात्रता. किल्ल्या त्यांच्या अंगावर फेकाव्यात असं वाटलं.

"मग मीबी बोलतो," मी म्हणाले. "तुमाले समजला होता आवाज. पेचकस लावला तवाच समजला होता. आज त्याईचा पाय गेला असता, अन् तुमी 'हो जावईबापू' म्हणत उभे राहिले असते."

बाबा बोल्ट तळहातावर घेऊन बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतील. निदान म्हणतील, असं कसं होईन.

"राहिलो असतो," ते म्हणाले. "म्हणून तं तू पायजे इथं."

मी किल्ल्या कमरेला खोचल्या आणि पाना उचलला.

"धरा मशीन," मी म्हणाले. "घट्ट."

बाबांनी धरलं.