चंद्रविलासचं जाळीचं दार

गिरगावातल्या चंद्रविलास टॉकीजचा इतिहास ऐकायचाय? मग तो मालकाच्या, मनमोहनशेठच्या तोंडून ऐकू नका रे. तो माणूस इतिहास सांगत नाही, घराण्याच्या तोंडाला पावडर फासतो. म्हणे आजोबांनी तिथं गॅसबत्तीवर संगीत नाटकं लावली, मग मूकपट आले, मग बोलपट. आणि आजोबांचा नियम काय, तर खेळ सुरू झाला की जाळीचं दार बंद, मग राजा आला तरी उघडायचं नाही. साफ झूट. गोऱ्या कलेक्टरची मडम उशिरा आली तेव्हा आजोबांनी दार तर उघडलंच, वर रंगात आलेलं नाटक थांबवून नांदीपासून परत लावलं.

हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं, शेवंतीलाही. शेवंती म्हणजे लेडीज क्लासची डोअरकीपर. लालबागच्या चाळीत राहायची, नवरा जयवंत गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार. तिला शेठचा राग यायचा नाही. राग माणसाचा येतो. बाकाखालून झुरळ निघालं की वाटतं ना, तसं तिला शेठ दिसला की व्हायचं.

त्याचं कारण छप्पन साल. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली नि गिरगाव पेटलं. आत मॅटिनी चालू, बाहेर मोर्चावर लाठ्या. माणसं चंद्रविलासच्या दाराकडे धावली. शेवंती जाळी सरकवायला गेली तर शेठनं तिचा हात झटकला, स्वतः कुलूप घातलं नि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. जाळीपलीकडे जयवंत होता. त्याची बोटं जाळीतून आत आलेली. शेवंतीनं शेठचे पाय धरले. तर हा म्हणतो कसा, "खेळ चालू आहे, बाई. आतल्या पब्लिकला त्रास नको."

तिच्या डोळ्यांदेखत जयवंतचा गुडघा फुटला. पुन्हा काही तो साच्यावर उभा राहिला नाही. घर शेवंतीच्या पगारावर आलं, म्हणजे उभं राहायचं त्याच दारात.

मग साठ साल आलं. महाराष्ट्र झाला आणि आपल्या शेठचं रक्त एका रात्रीत मराठी झालं. कालपर्यंत हाच क्लबात बसून सांगायचा की मुंबई वेगळीच बरी. आता एक मेच्या दिवशी फुकट खेळ, दारात तोरण, हार घालून घ्यायला पुढारी. आणि खेळाआधी स्टेजवर भाषण, की छप्पनला चंद्रविलासनं सत्याग्रहींना दार उघडून दिलं. पुरावा म्हणून शाल घालायची कुणाला? जयवंतला. शेवंतीला त्यानं बजावलं, नवऱ्याला आण, त्यानं बोलायचं नाही, नुसती मान हलवायची. नाहीतर उद्यापासून दारावर दुसरी बाई.

जयवंत घरी म्हणाला, "मान हलवूक काय जाता? तुझी नोकरी ऱ्हवांदे." गुडघा फुटला तेव्हा शेवंती रडली होती. हे ऐकून तिला रडूसुद्धा आलं नाही.

त्या दिवशी थेटर फुल्ल. जयवंत काठी घेऊन पुढच्या रांगेत. शेठ हार घेऊन फुटपाथवर, कारण पुढाऱ्याची मोटार मिरवणुकीत अडकलेली. आत पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं, बाकं बडवायला लागलं. शेवटी ऑपरेटर घाबरला, त्यानं दिवे घालवले आणि सरळ पिक्चर लावला.

शेवंतीनं शांतपणे जाळी ओढली. कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली.

इतक्यात शेठ पुढाऱ्याला घेऊन धावत आला. आधी हुकूम सोडला, मग जाळी हलवली, मग आवाज खाली आणला. शेवंती, मी आहे, मी.

"खेळ सुरू झालो, मालकानू," ती म्हणाली. "आजोबांचो नियम. आतल्या पब्लिकाक त्रास नको."

फुटपाथवर जमलेली माणसं फिदीफिदी हसायला लागली. पुढाऱ्यानं घड्याळ बघितलं, हार स्वतःच गळ्यात घातला आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेला. शेठ तसाच उभा, जाळीतून बोटं आत घालून. शेवंतीनं त्या बोटांकडे एकदा बघितलं आणि स्टुलावर बसली.

खेळ सुटल्यावर तिनं दार उघडलं, किल्ली शेठच्या तळहातावर ठेवली, जयवंतला हात दिला आणि दोघं लालबागकडे निघाली. नोकरी गेलीच. जयवंतची मान मात्र कुणी हलवू शकलं नाही.

आणि शेठ? अजून इतिहास सांगतो ना. फक्त दाराच्या गोष्टीपर्यंत आला की ऐकणारे विचारतात, शेठ, तुम्ही कुठल्या बाजूला होता?