शेवटच्या रांगेपर्यंत

“जाळीला नको, ताई. खाली दांड्याला धर, दांड्याला!”

ताईने माइकवरचा हात खाली घेतला आणि काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते कुणालाच कळलं नाही, कारण तिच्या शब्दांच्या आधी स्पीकरमधून शिट्टी आली. इतकी कर्कश, की खुर्च्या पुसणाऱ्या शिपायाने फडकं टाकून कान झाकले. हॅलोमास्तरांनी मिक्सरवरची आवाजाची पट्टी झटकन खाली ओढली आणि कपाळावर हात मारून घेतला.

एकतीस वर्षं ते साउंडचं काम करत होते. ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ एवढंच काय ते माइकवर बोलायचे आणि मग कोपऱ्यात बसून दुसऱ्यांचे आवाज मोठे करायचे. हॅलोमास्तर हे नाव त्यातूनच चिकटलं. बेसूर गायकांना त्यांनी सांभाळून घेतलं होतं, माइक गिळतो की काय असं बोलणाऱ्या पुढाऱ्यांना आवरलं होतं. पण आज गाठ सख्ख्या बहिणीशी होती.

ताई या रुग्णालयाची मेट्रन. संध्याकाळी पाच वाजता याच सभागृहात तिचा निरोप समारंभ होता. एके काळी तिने वॉर्डाच्या या टोकाला हाक मारली, की त्या टोकाचा पेशंट मुकाट्याने गोळी गिळून मोकळा व्हायचा. आठ महिन्यांपूर्वी गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. उरली नुसती कुजबुज, शेजारी बसलं तरच ऐकू येणारी. आई गेल्यावर याच बाईने ओरडून ओरडून आपल्याला शाळेत पिटाळलं, हे हॅलोमास्तर विसरले नव्हते.

“तरी मी म्हणत होतो,” कार्यालयाचे अधीक्षक मंचावरून उतरत म्हणाले, “भाषण वॉर्डातल्या धाकट्या सिस्टर वाचतील. खणखणीत आवाज आहे त्यांचा. मॅडमनी नुसतं बसायचं, हसायचं. काय मास्तर?”

मास्तर वायर गुंडाळण्यात अगदी गढून गेले. कारण ही अक्कल अधीक्षकांची नव्हतीच. दोन दिवसांपूर्वी फोन करून मास्तरांनी स्वतःच ती सुचवली होती.

अधीक्षक गेले तशी ताई खाली येऊन मिक्सरजवळच्या खुर्चीत बसली. इथे तिचं बोलणं ऐकू येत होतं.

“तूच सांगितलंस ना त्यांना?”

“मी कशाला सांगू?”

“खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. लहानपणापासून.”

मास्तरांचा हात आपसूक कानाकडे गेला आणि ते पकडले गेले. “हो, मीच. ताई, मशीन आवाज तयार करत नाही गं, असलेला वाढवतं. तुझा फार वाढवायला गेलो की स्पीकरचा आवाज माइक ऐकतो, तोच परत स्पीकरला देतो, आणि शिट्टी वाजते. चारशे माणसांपुढे तशी शिट्टी वाजली आणि लोक हसले तर? मला नाही बघवणार.”

“म्हणजे मला चालेल, पण तुला चालणार नाही.” ताई दमली, थांबली. “अरे, चौतीस वर्षं लोकांच्या नाड्या बघितल्या मी. काहींची लागतच नाही पटकन. म्हणून मनगट सोडून देतो का आपण? आजूबाजूच्यांना गप्प करतो, आणि बोट नीट ठेवतो. आज मीच बोलणार. काय ऐकू जाईल ते जाईल.”

 मास्तरांना स्वतःची लाज वाटली. कुणी परकं माणूस असा आवाज घेऊन आलं असतं, तर त्यांनी आधी सगळे उपाय करून पाहिले असते. बहिणीच्या बाबतीत मात्र भीतीने हातपाय गाळले होते.

ते उठले. स्पीकर सजावटवाल्याने पडद्याशी, माइकच्याही मागे, लपवून ठेवले होते. मास्तरांनी ते ओढत ओढत मंचाच्या पुढे आणले आणि तोंडं लोकांकडे वळवली. त्यासाठी फुलांच्या सहा कुंड्या हलवाव्या लागल्या.

“अहो, शोभा जाते की सगळी!” अधीक्षक धावत आले.

“जाऊ दे. आवाज जातो त्यापेक्षा बरं.”

मग त्यांनी पट्टी केसभर केसभर वर नेली. शिट्टी उठली की ती कुठल्या सुरात आहे ते कान देऊन ऐकायचं आणि तेवढाच सूर दाबायचा, असं तासभर चाललं. शेवटी ताईला पुन्हा मंचावर उभं केलं. “ओठांपासून दोन बोटं. समोर नाही, ओठांच्या कडेला, म्हणजे श्वास आदळणार नाही. लांब नेलास की संपलं.”

“आणि हे पाहुण्यांपुढचे चार माइक?” अधीक्षकांनी विचारलं.

“बंद ठेवणार. जितके माइक उघडे, तितकी शिट्टी लवकर येते.”

“प्रमुख पाहुण्यांचा माइक बंद? त्यांना मध्येच काही बोलावंसं वाटलं तर?”

“पाच मिनिटं धीर धरतील की.”

“दहा,” ताई माइकमध्ये कुजबुजली. अधीक्षकांनी दचकून स्पीकरकडे पाहिलं.

पाच वाजता सभागृह भरलं. खणखणीत भाषणं झाली. ताई उठली तसं मास्तरांनी शिपायाला खूण करून पंखे बंद करायला लावले. घरघर थांबली, लोक चुळबुळले. ताई बोलू लागली. माइक हळूहळू छातीशी उतरला. ओठ हलत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मास्तरांनी पट्टी वर सरकवली, तशी स्पीकरमधून बारीक गुणगुण सुरू झाली. शिट्टीच्या आधीची ती गुणगुण त्यांना चांगली ओळखीची होती. धाकट्या सिस्टर मदतीला अर्ध्या उठल्यासुद्धा.

मास्तरांनी पट्टी मागे घेतली नाही. ताईकडे बघत त्यांनी दोन बोटं स्वतःच्या ओठांच्या कडेला ठेवली. ताईने पाहिलं. माइक वर आला आणि गुणगुणीच्या वर तिचे शब्द आले.

आवाज मोठा नव्हता. ती प्रत्येकाच्या खाटेशी बसून बोलत असावी, तसा होता. घाम टिपायलाही कुणी हलेना. आपल्या हातून झालेल्या पहिल्या बाळंतपणाबद्दल ती बोलली, वाचवता न आलेल्या एका मुलीबद्दल बोलली. मग कागदाची घडी घातली आणि समोर बघत म्हणाली, “आज रात्रपाळीला कोण आहे?”

शेवटच्या रांगेत एक तरुण नर्स उभी राहिली. “मी आहे, सिस्टर.”

“मग इथे काय करतेस? जा, झोप दोन तास.”

हसू फुटलं. कार्यक्रमात पुढचे आधी हसतात आणि मागचे ‘काय म्हणाले?’ असं विचारून नंतर, हे मास्तर एकतीस वर्षं बघत आले होते. आज सगळे एकदम हसले. मास्तरांचे डोळे भरून आले, पण बोट पट्टीवरच राहिलं.

ती मुलगी मात्र हसली नाही. “हो, सिस्टर,” म्हणाली, पर्स उचलली आणि आवाज होणार नाही असं बघून दार लावून घेत झोपायला गेली.