धाकट्या सरकारांचं हसू

“हा हसतोय कुठे? दाढ दुखतेय याची,” ताईने काढलेला चेहरा बघून संपादक म्हणाले आणि लगेच ओशाळले. काल ज्याला स्मशानात पोचवून आलो, त्याच्याच खोलीत आपण बसलोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. “राग मानू नका, ताई. पण छापखाना कुणासाठी थांबत नाही. संध्याकाळपर्यंत जमतंय का बघा, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून काढून घेतो.”

ते गेले. ताई नुसती पानाकडे बघत राहिली.

ही चित्रकथा दादाची, तिच्या थोरल्या भावाची. एक हिशेबनीस मरतो आणि सरदाराच्या घरी धाकटा मुलगा होऊन पुन्हा जन्माला येतो. सगळी गढी या धाकट्या सरकारांना बावळट समजते, आणि हे पोर आपलं हसतहसत राक्षसालाही दूध पाजून माणसाळवतं. वाचणारी मुलं गडबडा लोळत. दादाला वडील जन्मभर ‘बिनकामाचा’ म्हणाले. त्याने त्यातूनही हसूच काढलं. आता शेवटचं पान तेवढं उरलं होतं. बाप त्या पोराला आपल्या शेजारी बसवतो आणि पोर हसतं. नेमका तिथेच दादाचा हात गळाला. श्वास पुरेना, तेव्हाही म्हणत होता, “पोराला परक्या हाती देऊ नकोस गं.”

ताईने आजवर भिंती काढल्या, तलवारी काढल्या, पडदे आणि गर्दी काढली. चेहरे मात्र दादाचे. जो चेहरा काढायचा, तो दादा आधी स्वतः करायचा. रागाच्या पानाला भुवया चढवून बसायचा, रडक्या पानाला ओठ काढून. तिनेही आरशात हसून बघितलं. दात दिसले, हसू काही दिसेना. आणखी एक कागद चुरगळला.

“वन्सं, आधी दोन घास पोटात ढकला.” वहिनी आत आल्या. रडून रडून त्यांचा आवाज पार बसला होता. त्यांनी खालचा बोळा उचलला. “जन्मभर हेच केलं यांनी. मेलेल्यांना दुसरा जन्म देत बसले. हातातला होता तो एक तरी धड जगायचा!”

“वहिनी, माझ्याच्याने नाही होत. देऊन टाकू का संपादकांना?”

“म्हणजे काढणार दुसराच?”

“हो.”

“आणि नाव यांचं?”

वहिनींनी स्टूल ओढलं, दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं आणि समोर बसल्या. “घ्या पेन्सिल.”

“अहो, तुम्हीच याला माकडचेष्टा म्हणायचात!”

“म्हणायचे. पण चहाचा कप घेऊन समोर कोण उभं असायचं? पाठ आहे मला. डावा कोपरा आधी वर जायचा त्यांचा. हे असं.”

आणि वहिनी हसल्या. आधी डावा कोपरा, मग दात, मग बारीक झालेले डोळे. हुबेहूब दादा. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं, पण हसू जागचं हललं नाही. ताईची पेन्सिल चालू लागली.

“झालं?” त्यांनी दातांतूनच विचारलं.

“थोडंच राहिलंय. हलू नका.”

तेवढ्यात शेजारच्या काकू झाकलेलं भांडं घेऊन दाराशी आल्या. समजूत घालायच्या तयारीने त्यांनी आत डोकावलं आणि तिथेच थबकल्या. कालच नवरा गेलेली बाई दात काढून हसत होती. काकूंनी भांडं उंबऱ्यावरच टेकवलं.

वहिनींनी त्यांना पाहिलं. पण दात झाकले नाहीत.