हर्षदा रिंगणात का उतरली नाही

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. सुरतेत उधन्याला रघुनाथ सरांची बॉक्सिंगची तालीम आहे, तिच्या एका कोपऱ्यात माझा मुक्काम. हल्ली पोरं माझ्या अंगावर टॉवेल वाळत घालतात. घालू देत बापडी.

कतारगामच्या एका कारखान्यात मला घडवलं. उमेदीची वर्षं साड्यांच्या गोदामात गेली. गाठी अंगावर घ्यायच्या, दांडी सांभाळायची, हमालांची बोलणी खायची. पुढे आकडे दाखवणारे चकचकीत काटे आले आणि मालकानं मला भंगारात काढलं. रघुनाथ सर तिथून मला घेऊन आले. सर विदर्भातले, मोजकं बोलणारे. त्यांनी मला घासूनपुसून तेल दिलं आणि म्हणाले, माझ्या पोरांना खरा काटा पाहिजे. त्या दिवशी मला धन्य वाटलं, हो.

त्या पोरांत दोन पोरी होत्या, जयश्री आणि हर्षदा. दोघी खानदेशी, एकाच गल्लीतल्या, एकाच वजनाच्या. जयश्रीचा हात भारी, हर्षदाची नजर भारी. सरावात आज ही वरचढ, तर उद्या ती. सर म्हणायचे, जिल्ह्याच्या निवडीला या दोघींचीच गाठ पडणार, काय तो निकाल तिथेच लागेल. सगळी तालीम त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. खोटं कशाला सांगू, मीही बसलो होतो.

निवड आली श्रावणात, कानबाईच्या पाठोपाठ, आणि ती आमच्याच तालमीत होती. कानबाई ही खानदेशी माणसांची देवी. तिच्यासाठी घरातल्या आणि भाऊबंदांतल्या माणसागणिक गहू दळून रोट करतात. ते कुळातल्यांनीच खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. हर्षदाला वडील नव्हते; घरात ती आणि आई प्रमिलाबाई, दोघीच. प्रमिलाबाईनं दरवर्षीसारखं कामरेजच्या दिराचं, सुकलालचं, अख्खं बिऱ्हाड धरून रोट केले. नेमका त्या वर्षी सुकलाल कशावरून तरी रुसला आणि त्याच्या घरचं चिटपाखरूही फिरकलं नाही. देवीचं अन्न वाया जाणार म्हणून माउली ताटं मांडून रडत बसली. हर्षदानं पाट ओढला आणि जेवायला बसली. आईला वजनगटाचं काही कळत नव्हतं, आणि खाण्यानं वजन वाढून निवड हुकेल हे हिनं कळू दिलं नाही. रोट संपेपर्यंत पोरगी रोज खात राहिली.

निवडीच्या सकाळी ती माझ्यावर चढली, आणि माझी दांडी वर जाऊन टेकली ती खाली येईना. पंचांनी थोडा वेळ दिला. जाड जॅकेट घालून ती रस्त्यावर धावून आली, दोरीवरच्या उड्या मारल्या, घामानं निथळली. पुन्हा चढली. तरी जास्तच. पंचांनी तिला लढतीतून बाद केलं. काय सांगू मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला माझ्या खरेपणाचा राग आला.

तालीम रिकामी झाल्यावर माझ्याशेजारी बसून तिनं सरांना सगळं सांगितलं. आईला हे कधी कळता कामा नये, अशी शपथ घातली. सरांनी शब्द दिला आणि आजवर पाळला.

जयश्री पुढच्याच वर्षी वरच्या वजनगटात गेली. हर्षदा साड्यांना लेस लावायच्या कामाला लागली, तिचा सराव सुटला. जयश्री जिंकत गेली, आधी राज्यात, मग देशात. तालमीतला वाद मात्र मिटेना. योगेश नावाचा एक जुना खेळाडू आहे, तो म्हणायचा, जिंकली खरी, पण तिच्या तोडीचं समोर आलंच कोण? त्यावर बाकीचे उसळायचे, हर्षदा भिऊन पळाली, त्यात जयश्रीचा काय दोष? जयश्री हे सगळं ऐकायची. नवं पदक घेऊन आली तरी सरांना विचारायची, हर्षदाला मी हरवलं असतं का? सर म्हणायचे, जे समोर आले त्यांना तू हरवलंस. तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं नाही. पदक पिशवीत टाकून ती निघून जायची, आणि मला तिची फार कीव यायची.

परवा तालमीत तिचा सत्कार झाला. हर्षदा आली होती, सोबत प्रमिलाबाईही होती. चहा घेताना योगेशनं पुन्हा तोच विषय काढला. जयश्री गळ्यातल्या हारासकट उठली आणि हर्षदासमोर उभी राहिली.

"आज सांगून टाक. भिऊन वजन वाढवलंस ना?"

हर्षदानं एकवार आईकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली, "भ्याले होते."

जयश्रीचा चेहरा पार उतरला. त्या काळी तिनं हर्षदासोबत रोज सराव केला होता, या पोरीला भीती ठाऊक नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं सरांकडे पाहिलं. सर खाली बघत राहिले.

प्रमिलाबाई तेवढी खुशीत होती. तिनं जयश्रीच्या गालावरून हात फिरवला.

"बरं झायं माय, घाबरनी ते. मनी पोरले मार नको लागू दे, आसं मी कानबाईले सांगेल व्हतं. तिनी आयकं मनं."

हर्षदा हसली. तसलं हसू मला बघवलं नाही.

मित्रांनो, कोण कोणाशी लढलं नाही, हा वाद तुम्हीही कधीतरी घालाल. खुशाल घाला. पण जो उतरला नाही त्याला लगेच भित्रा म्हणू नका, एवढीच या म्हाताऱ्या काट्याची विनवणी. तो कोणाला तरी सांभाळत असेल.

कार्यक्रम आटोपला. हर्षदानं आईला हात देऊन पायरी उतरवली आणि दोघी घराकडे चालू लागल्या. जयश्री दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.